आजीचा विळा

यंदा दिवाळीला आजीला साडी घ्यायचीच नाही, हे माझं ठरलं होतं. दिलेली साडी ती पेटीत ठेवते आणि पुढच्या लग्नात आहेरात देऊन टाकते. मी हौसेनं घेतलेली पैठणी तर तिनं माझ्याच लग्नात माझ्या सासूला दिली! म्हणून मुरबाडच्या बाजारातून तिच्या हाताला पेलेल असा हलका विळा आणला.

"म्हातारीला विळा? बसू दे की आता तिला!" आई कडाडली.

आजीनं मूठ धरली, धारेवर अंगठा फिरवला आणि फराळाचं ताट तसंच ठेवून थेट भाताच्या शेतात गेली. आम्ही मागे धावलो. ती केव्हाच कापणीला वाकली होती. मान वर न करताच ओरडली, "हा कुणाला आहेरात जायचा नाय गो, सांगून ठेवते!"