कावेरीला आलेलं बोलावणं

चौसाळ्यात हायवेला लागून मल्लिनाथआप्पांचं बॅटरीचं दुकान आहे. ट्रकच्या बॅटऱ्या, घरचे इन्व्हर्टर, शेतातल्या मोटारीचं सोलर, सगळं तिथं दुरुस्त होतं. नाव आप्पांचं, पण अवघड फॉल्ट सापडायचा तो त्यांच्या पोरीला, कावेरीला. तिनं बीडला आयटीआय केलेलं, वर्गात एकटी मुलगी. मीटरच्या पिना लावून ती जरा वेळ गप्प उभी राहायची आणि मग नेमक्या जागी बोट ठेवायची. धाकटा अमरनाथ गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, चहा सांगायचा. त्याचं कामात मन नव्हतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी सुंदररावांची जीप दुकानासमोर बंद पडली. सुंदरराव मूळचे धर्मापुरीचे, पण वीस-बावीस वर्षांपासून टांझानियात. तिथं त्यांचा सहलींचा धंदा. मोठ्या ट्रकवर खुर्च्या-खिडक्या बसवायच्या, पंधरा-वीस पाहुणे घ्यायचे, केनियातून निघायचं आणि वीस दिवसांनी व्हिक्टोरिया धबधब्याला पोचायचं. रोज नवा मुक्काम, रोज तंबू.

दोन मेकॅनिकांनी हात टेकलेली ती जीप कावेरीनं दहा मिनिटांत चालू केली. बॉडीला लागणारी अर्थची पट्टी आतून गंजली होती.

सुंदरराव बघतच राहिले. म्हणाले, "आप्पा, माझ्या ट्रकच्या टपावर पॅनल हायेत, खाली दोन बॅटऱ्या. त्याच्यावर दोन फ्रिज, पाण्याचा पंप, तंबूंचे दिवे आन् वीस माणसांचे मोबाईल. जंगलात लाइटीचा खांब न्हाई, पन्नास कोसांत दुकान न्हाई. दर फेरीला कायतरी बिघडतंच. ह्या पोरीला एका हंगामापुरती पाठवा. सहा महिने. माझी बायको, रतनबाई, सैपाकाचं बघती. पोरगी तिच्यापाशी ऱ्हाईल."

"विचार करून सांगतो," आप्पा म्हणाले.

कावेरीनं विचार करायचं काही ठेवलंच नाही. बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिनं त्या कॅम्पचं सगळं वायरिंग काढलं. कुठल्या फ्रिजला किती लागेल, ढग आले तर काय बंद करायचं, आधी दिवे की आधी पंप. पासपोर्टचा फॉर्मही तिनंच भरून आणला. त्या आठवड्यात ती आईला, उमाबाईंना, भाकरी थापता थापता जिराफ कसा पाणी पितो ते सांगत होती.

आप्पांकडे तेव्हा वडवणीचं स्थळ आलेलं होतं. लोक काय म्हणतील, हे त्यांनी स्वतःला दिलेलं कारण. खरं भय निराळं होतं. पोरगी एकदा तिकडं गेली, तिला तिकडं आवडलं, तर ती परत कशाला येईल? हे ते उमाबाईंनाही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी सुंदररावांना फोन लावला. "कावेरीला न्हाई यायचं. घाबरती ती. तिच्या जागी अमरनाथला घ्या, त्यालाबी सगळं येतं." आणि घरी येऊन पोरीला म्हणाले, "सुंदररावाला पोरगाच पायजे म्हणं. पोरीची जबाबदारी नको त्याला."

कावेरीनं मान खाली घातली. "मंग तवा कावून इचारलं त्यांनी?" एवढंच ती बोलली.  त्याच वर्षी तिचं वडवणीला लग्न झालं. जावई चांगला, कापडाचं दुकान, घर माणसांनी भरलेलं. अमरनाथ टांझानियात आरुशाला, सुंदररावांकडे गेला. एक हंगाम गेला, दुसरा गेला. त्याच्या तक्रारी फारशा आल्या नाहीत, कारण अडलं की तो गुपचूप बहिणीला फोन करायचा. हे आप्पांना कळलं ते तिसऱ्या वर्षी नागपंचमीला.

कावेरी दीड वर्षाच्या लेकीला घेऊन सणाला आली होती. दुपारी आप्पांना डबा द्यायला दुकानात आली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेक कडेवर होती म्हणून तिनं तो काउंटरवर ठेवून स्पीकर लावला.

"अक्का, लई वांदा झालाय," अमरनाथचा आवाज रडवेला होता. "दोन दिस झाले बॅटरी भरंना. एका म्हाताऱ्या पाहुण्याचं इन्सुलिन हाय फ्रिजात. सुंदरकाका माझ्या उरावर उभे हायेत."

"ऊन हाय का?"

"डोकं फुटंल इतकं हाय."

"ट्रक कुठं उभा केलाय?"

"झाडाखाली. पाहुण्यांना सावली पायजे. मी पॅनल काढून लांब उन्हात मांडलेत."

कावेरी गप्प झाली. आप्पांना ती गप्प राहण्याची तऱ्हा ओळखू आली. तीन वर्षांत ती त्यांनी दुकानात पाहिली नव्हती.

"मीटर घे. पॅनलपाशी किती व्होल्ट दावतंय?"

"अठरा."

"आता बॅटरीकडच्या टोकाला लाव."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. "साडेबारा."

"मंग मधले साडेपाच कुठं गेले, अमऱ्या? वायर कंची वापरलीस?"

"घरातल्या दिव्याची असती ती. पन्नास फूट."

"येड्या, ती बारीक वायर सगळं खाऊन टाकती. काढून फेक ती. पाहुण्यांना बसू दे सावलीत, ट्रक घे उन्हात. पॅनल टपावर चढव, जुनी जाड वायर लाव. आन् दिवे, मोबाईल, पंप समदं बंद. संध्याकाळपत्तोर फकस्त फ्रिज."

तिकडं धावपळ ऐकू आली. ट्रक सुरू झाला, कुणीतरी अनोळखी भाषेत ओरडलं. पाऊण तास फोन चालू राहिला. आप्पांनी आलेलं गिऱ्हाईक हातानंच थांबवून ठेवलं. अखेर अमरनाथ ओरडला, "अक्का, भरायला लागली!"

मग फोनवर सुंदरराव आले. "पोरी, किती येळा वाचवलंस ग आमाला. अमरनाथनं आत्ता कबूल केलं समदं. तवा तूच यायला पायजे हुतीस. मी आप्पांना दोनदा म्हणलो, पोरीशी बोलू द्या. पण तू घाबरतीस म्हणले, तुला यायचंच न्हाई म्हणले. मी बी मंग जोर केला न्हाई."

कावेरीनं आप्पांकडे पाहिलं. रागानं नाही. फॉल्ट सापडल्यावर ती वायरकडे बघायची, तसं.

"हां काका," ती फोनमध्ये म्हणाली. "ठेवते." लेकीच्या तोंडातून तिनं इन्सुलेशन टेपचं भेंडोळं काढून घेतलं, डबा आप्पांसमोर सरकवला आणि भर उन्हात तशीच निघून गेली.

तिनं भांडण केलं असतं तर आप्पांना बरं वाटलं असतं. घरी ती झोका खेळली, आईला लाडू वळू लागली, आणि तिसऱ्या दिवशी वडवणीला गेली. उमाबाईंना मात्र तिनं सांगितलं असावं. त्या म्हणाल्या, "मलाबी तुमी तेच सांगितलं हुतं. तीन वर्स मी त्या सुंदररावाला शिव्या देत बसले." त्यानंतर कितीतरी दिवस त्या आप्पांशी कामापुरतंच बोलल्या.

महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी आप्पा वडवणीला गेले. लेकीच्या घरी पाणी प्याले, व्याह्यांची चौकशी केली. मग दारातल्या बाजेवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या कावेरीशेजारी जाऊन बसले.

"माझं चुकलं, कावेरी."

ती शेंगा फोडत राहिली.

"मी जावईबापूंशी बोलतो. पोर तुझी आई सांभाळंल. सुंदरराव अजून तयार हाय, मी फोन केलता. पुढच्या हंगामाला तू जा."

"आप्पा," ती म्हणाली, "तवा मला जायचं हुतं. झोपेतबी तेच दिसायचं. आता तुमी जा म्हणताव, तर मला जावं वाटतंय का न्हाई तेच कळंना. लेकीला सोडून जाववत न्हाई, आन् न्हाई म्हणायलाबी जीभ वळंना." तिनं सालपटं पदरातून झटकली. "न्हाई पाठवायचं हुतं तर तसं सांगायचं. मी रडले असते, भांडले असते. त्यांनाच मी नको, असं कावून सांगितलं? त्या दिसापास्नं मला वाटायचं, माझ्यातच कायतरी कमी हाय."

आप्पा वाकून खाली सांडलेली सालपटं गोळा करत बसले.  एसटीची वेळ झाली तेव्हा ती त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली, गाडीत खिडकीची जागा धरून दिली, आणि गाडी निघायच्या आधीच वळली.

पुढच्या हंगामाला ती गेली नाही. अमरनाथ परत आला आणि बीडला मोबाईलच्या दुकानात लागला. त्यानं आणलेले फोटो त्यानं आईबापांना दाखवले: गवतात उभे हत्ती, ओळीनं लावलेले तंबू, ट्रकच्या टपावर चकाकणारे पॅनल. उमाबाईंनी ते दोनदा पाहिले. आप्पांनी तिसऱ्या फोटोनंतर चष्मा काढून ठेवला.

सुंदररावांची माणसं आता अडली की थेट वडवणीला फोन करतात. कावेरी चुलीपुढं बसून त्यांना सांगते, अर्धं हिंदीत, अर्धं मोडक्या इंग्रजीत. हे आप्पांना जावयाकडून कळतं. ती स्वतः सांगत नाही. परवा एका शेतकऱ्याच्या सोलर मोटारीचा फॉल्ट आप्पांना दोन दिवस सापडेना, तेव्हा त्यांनी तिला फोन केला. तिनं चार प्रश्न विचारले, कुठला पार्ट बघायचा ते सांगितलं. तो अगदी बरोबर निघाला. आप्पांना अजून काहीतरी विचारायचं होतं, तुझी लेक बोलायला लागली का, असं काहीतरी. पण ती म्हणाली, "झालं ना काम? ठेवू मंग," आणि तिनं फोन ठेवला.