व्याह्यांचा कबाब

शाकिर उस्तांनी निखाऱ्यांवरची सळई उचलली, पोळीत धरून कबाब ओढून काढला आणि ताटली व्याह्यांपुढे सरकवली.

"घ्या, व्याहीबुवा."

"नको, नको. पोट भरलंय."

उस्तांनी ताटली उचलून कडेला ठेवली. तुर्कस्तानातल्या अदानाच्या बाजारात चाळीस वर्षं कबाब भाजून 'उस्ता', म्हणजे उस्ताद, झालेला हा माणूस. कुणाला दोनदा विचारायची त्यांना सवयच नव्हती.

फरामर्झ इराणातल्या तब्रीझहून मुलीला न्यायला आले होते. तिचा नवरा इल्हान, उस्तांचा एकुलता एक मुलगा, जाऊन वर्ष झालं होतं. गोलनार आतल्या खोलीत बॅग भरत होती. बस चारची होती. सून गेली की घर खायला उठेल, हे उस्तांना पक्कं ठाऊक होतं.

"मांसात कांदा नाही घालत तुम्ही?" फरामर्झांनी विचारलं. "आमच्याकडे किसून, पाणी पिळून घालतात. सोबत वाफाळता भात, वर लोणी."

"कांदा घातला की झाला त्याचा कोफ्ता! आणि भात काय, आजारी माणसाला देतात. आम्ही वाकड्या सुरीनं मांस बारीक करतो. शेपटीची चरबी, लाल मिरची, मीठ. संपलं."

"म्हणजे खाणाऱ्याचे दात शाबूत हवेत."

"जीभ शाबूत असली तरी पुरे."

दोघं हसले. फरामर्झांची नजर मात्र कडेच्या ताटलीवरून हलेना.

"अहो, तुम्हाला भूक लागलीय!"

"सकाळपासून लागलीय."

"मग नको का म्हणालात?"

"पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. आमच्यात पोरंसोरंसुद्धा हेच शिकतात."

उस्तांनी ताटली पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली, पण हात तिथेच राहिला.

"गोलनारला मी राहा म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "नको म्हणाली. तुमच्यावर भार कशाला, म्हणाली."

"किती वेळा विचारलंत?"

"एकदा."

फरामर्झांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिकडे तब्रीझला त्यांच्या बायकोनं मुलीची खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती. त्यांना गप्प राहता आलं असतं.

"मग अजून दोनदा राहिलंय," ते म्हणाले.

गोलनार बॅग घेऊन बाहेर आली. उस्तांनी कमरेच्या फडक्याला हात पुसले.

"पोरी, राहतेस का?"

"नको, बाबा. तुम्हाला त्रास."

उस्तांनी व्याह्यांकडे पाहिलं. ते पोळीचा तुकडा मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"राहा गं," उस्ता पुन्हा म्हणाले. "इल्हानसाठी म्हणत नाही. मला तू हवीस घरात."

गोलनारचे डोळे भरून आले. ती वडिलांजवळ येऊन बसली.

"बाबाजान, वाटेत व्हान शहरात गाडी बदलावी लागते. एकटे नीट जाल ना?"

"जाईन की. न जायला काय झालं?"

तिनं बॅग उघडली, आईसाठी घेतलेली शाल काढली आणि वडिलांच्या मांडीवर ठेवली.