केंड निवटीच्या पानावर

मित्रांनो, मी कोपरीतल्या एका माळ्यावर धूळ खात पडलेला जुना काँप्युटर आहे. वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये माझे सुटे भाग जोडले गेले आणि १९९६ साली मी थेल्मा टीचरच्या टायपिंग क्लासात आलो. टाइपरायटरांच्या रांगेत पडदेवाला मी एकटाच! मला एक खोड होती, नको तितक्या चौकशीची. एवढे कागद माझ्या पोटातून जातात, त्यांत असतं तरी काय?

त्याच वर्षी कोळीवाड्यातले दामाजी हाताने लिहिलेलं पुस्तक टाइप करून घ्यायला आले. खाडीतले मासे, एकशेचाळीस पानं, अठ्ठावन्न चित्रं. माहिती सगळी त्यांच्या आईची, आवडाबाईंची. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी पुस्तक म्हणजे चित्रंच.

टीचरचा हात टाइपरायटरवर बसलेला. चित्राला जागा हवी, की त्या एंटर, एंटर, एंटर दाबत आणि त्या रिकाम्या जागेवर चित्र आणून ठेवत. दिसायला झकास! पण दामाजींचं आभाराचं पान काही संपेना. कोळीवाड्यात एक नाव राहिलं तर माणसं हळदीला तोंड फिरवतात.

"टीचर, गोमाजीमामा राहिलेला," म्हणत ते रोज येत. ओळ वाढली की पुढचा सगळा मजकूर खाली सरके. चित्रं मात्र पानाला चिकटलेली, ती हलेनात. मला कळत होतं, पण मी सांगितलं तेवढंच करणारा.

सोमवारी पुस्तक छापायला जायचं होतं. शनिवारी आवडाबाई तपासायला आल्या. दामाजी निवटी या माशाचं कालवण कसं करायचं ते वाचत होते आणि आवडाबाई पडद्यावरचं चित्र बघत होत्या.

"दामा, थांब! ह्यो तं केंड हाय! केंड खाल्ला तं मानूस मरंल. माझ्या नावानं लोकांना विष घालतंस?"

"चूक माझी, आवडाबाय," टीचर म्हणाल्या आणि मला कसं वापरायचं ते सांगणारं, माझ्यासोबत आलेलं जाडजूड पुस्तक उघडून बसल्या. रविवारभर त्यांनी सगळे रिकामे एंटर खोडले. प्रत्येक चित्र मजकुराच्या ओळीतच बसवलं, खालचं नाव त्याला बांधलं, वरखाली मोजून जागा सोडली. माझी उत्सुकता शिगेला पोचली होती.

संध्याकाळी मायलेक आले. "आता सांगा अजून एक नाव," टीचर म्हणाल्या.

दामाजी ओशाळले. "तुमचंच राहिलंय की, टीचर."

ओळ वाढली. मजकूर सरकला आणि त्याच्यासोबत प्रत्येक मासाही सरकला. केंड आपल्या पानावर, निवटी आपल्या. आवडाबाईंनी अठ्ठावन्नही चित्रं पाहिली. जिताड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"चार वर्सं झाली, जाल्यात गावला नाय. खारीत नाय राहिला, हितं तरी जागेव ठेवा."

मला फार वाईट वाटलं. मी मासा कधी पाहिलाच नव्हता. पुस्तक छापलं गेलं, त्याच्या प्रती संपल्या, टीचर वसईला गेल्या. मित्रांनो, जुना काँप्युटर भंगारात देण्याआधी एकदा सुरू करून बघा. माझ्यात चौऱ्याण्णवाव्या पानावर जिताडा अजून आहे.