एकसष्ट हजार वाक्यं

"आज संध्याकाळी सात वाजेपर्यंतच आहे," कालमान म्हणाला. हॅमचा पातळ काप त्यानं सुरीवरून मुलीच्या ताटात अलगद सरकवला. "भाव ऐंशी टक्के उतरलाय. सात वाजले की पुन्हा होता तिथे."

"ईस्टरच्या दिवशी तरी त्या गेमचं नाव काढू नकोस," पिरोश्का म्हणाली. "पोरगी दोन वर्षांनी आलीय. तिला जेवू दे. अंडी घे गं हायनी. तिखट मुळ्याचा कीस जपून घ्या म्हणावं तुझ्या नवऱ्याला, नाकात जातो."

हायनीनं ते नवऱ्याला इंग्रजीत सांगितलं. योप हसला, मान डोलावली आणि चमचाभर कीस तोंडात टाकून व्हायचं ते करून बसला. डच माणूस, सहा फूट चार इंच, डोळ्यांतून घळाघळा पाणी. पिरोश्काला ते बघून बरं वाटलं. जावई आवडायला तिला एवढंही पुरत असे.

कालमान मात्र मुलीकडे बघत होता. अकरा वर्षांचं काम परवा रात्री संपलं होतं आणि ते अजून कुणालाच दिलेलं नव्हतं. पहिल्यांदा हायनी खेळणार, मग बाकीचं जग, असं त्यानं ठरवून टाकलेलं. त्यासाठी तिनं आज तो गेम आपल्या लॅपटॉपवर विकत घ्यायला हवा होता. कालमानकडे जुनी डिस्क होती, पण डिस्क घालायला हल्लीच्या यंत्रांना जागाच ठेवत नाहीत.

कालमान हंगेरीतल्या बेकेशचाबा गावी एका दंतप्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या करी. बत्तीस वर्षं तेच काम. ज्यांचे दात केले त्यांतलं एकही तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. प्लास्टरचे साचे यायचे, दात जायचे. हायनी नऊ वर्षांची असताना त्यानं तिला तो गेम आणून दिला. धुक्याचे पाच प्रांत, हवं तिकडे भटकावं, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलावं, हवं तर तलवार काढावी. पण बोलणारे सगळे इंग्रजीत. पोरगी अर्ध्या तासात रडकुंडीला आली. आपल्याकडे कुणी जुना गेम घ्यावा का विचारलं तर पहिला प्रश्न हाच येतो, हंगेरियनमध्ये आहे का? कंपन्या करत नाहीत, मग कुणीतरी वेडा घरी बसून करतो आणि फुकट वाटतो. या गेमला तेव्हा असा वेडा मिळालेला नव्हता.

"चार-सहा महिने थांब," कालमान तिला म्हणाला होता. "मी करून देतो. तोवर हात लावायचा नाही, नाहीतर सगळी मजा जाईल." आणि त्यानं डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावलं.

वाक्यं निघाली एकसष्ट हजार चारशे. शाळेत रशियन शिकलेला माणूस, इंग्रजीची सुरुवात शब्दकोशापासून. पण कवळ्या करणाऱ्याला चिकाटी शिकवावी लागत नाही. गेममधला प्रत्येक माणूस प्रत्यक्ष बोलायचा. कालमान कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकायचा, राग कुठे आहे, टोमणा कुठे आहे ते पकडायचा, मग लिहायचा. इंटरनेटवर गेमवाल्यांच्या अड्ड्यावर लोक त्याला 'चिचुंद्रा' म्हणत. 'चिचुंद्र्या, जिवंत आहेस की गेलास?' असं दर सहा महिन्यांनी कुणीतरी लिहायचं. तिसऱ्या वर्षापासून 'गेलास तर पासवर्ड ठेवून जा' असंही लिहू लागले.

"लष्करच्या भाकऱ्या भाजतोय," पिरोश्का शेजारणींना सांगे. "आणि लष्कर केव्हाच गावाला गेलंय."

शेवटचं वाक्य झालं तेव्हा हायनी वीस वर्षांची होती आणि तिचं चंबूगबाळं हॉलंडात उत्रेख्तला पोचलं होतं. आणखी तीन वर्षं कालमाननं चुका काढण्यात घालवली. ती वर्षं तो अकरांत धरत नसे.

"बघ, तुला फक्त घेऊन उघडायचाय," तो आता म्हणाला. "बाकीचं मी पेनड्राइव्हवर ठेवलंय. पाच मिनिटांचं काम. मग नुसतं बसू आपण दोघं. तू खेळ, मी बघतो."

"वरातीमागून घोडं," पिरोश्का म्हणाली. "तेवीस वर्षांची झालीय ती. लग्न झालंय तिचं."

"काय म्हणतायत गं?" योपनं डोळे पुसत बायकोला इंग्रजीत विचारलं.

"तोच तो गेम," हायनी म्हणाली. तीही इंग्रजीत. "विकत घे म्हणतायत. आज सवलत संपतेय."

"मग घेऊ की. किती आहे?"

"सहा युरो."

"विमानतळावर सँडविच नऊ युरोंचं खाल्लंस. गेम चांगला आहे का?"

"त्या काळी होता. आता लढाई म्हणजे नुसती खटखट, आणि घोडा भिंतीत अडकतो. लोक अजून म्हणतात, कथेसाठी घ्यावा. कथा चांगली आहे." हायनीनं ब्रेडचा तुकडा मोडला. "मी पूर्ण खेळलेय. चौदा वर्षांची होते. एनिकोच्या घरी, इंग्रजीतून. तीन आठवड्यांत संपवला."

कालमानची सुरी हॅमच्या हाडापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

त्याला इंग्रजी येत नाही, अशी घरात सगळ्यांची खात्री होती. याला कारण हायनीचं लग्न. योपच्या आईवडिलांसमोर म्हणायला त्यानं एक वाक्य महिनाभर घोकलं होतं, आणि ते तोंडातून आलं ते सरदार-दरकदारांच्या इंग्रजीत. 'आपला प्रवास निर्विघ्न झाला ना, थोर पाहुण्यांनो?' असंच काहीसं. ती माणसं वाईट नव्हती, पण हसू आवरेना. हायनीही हसली होती. त्या दिवसापासून कालमाननं इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नव्हता. बोलत नाही म्हणजे कळत नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. एवढी वर्षं हेडफोन लावून हा माणूस काय ऐकत होता, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही.

"यांना माहितीये?" योपनं विचारलं.

"वेडा आहेस का? कसं सांगणार? तोवर दहा हजार वाक्यं झालेली त्यांची." ती हे हसतहसत सांगत होती, मधूनच आईकडे बघून मान हलवत, जेवणाचं कौतुक करावं तशी. बापाला संशय येऊ नये म्हणून. "तुला वाटतं ते माझ्यासाठी केलं? मला एकोणचाळीस डिग्री ताप होता, आई नाइट ड्यूटीला. मी हाका मारतेय आणि हे म्हणतायत, थांब, एवढा म्हातारा बोलून होऊ दे. गेममधला म्हातारा! मी घर सोडलं तेव्हा स्टेशनवर आई एकटी आली होती. यांचा चौथा प्रांत संपत आलेला. मला त्या गेमचा रंगसुद्धा बघवत नाही, योप. सहा युरो काय, कुणी मला सहाशे दिले तरी मी तो उघडणार नाही."

"मग तसं सांग त्यांना."

"मरतील ते."

हायनीनं तोंड पुसलं आणि वडिलांकडे वळून हंगेरियनमध्ये म्हणाली, "योप म्हणतोय हॅम काय सुंदर झालंय! आणि बाबा, तो लॅपटॉप ऑफिसचा आहे रे. त्याच्यावर गेम चालतच नाहीत. बंदी आहे."

"एवढं लांबलचक बोलली ती," पिरोश्का नवऱ्याला म्हणाली, "ते नुसतं हॅमचं होतं होय?"

"हॅमचंच," कालमान म्हणाला. "आवडलं म्हणतायत."

त्यानं आणखी एक काप काढला. तो जाड निघाला, म्हणून स्वतःच्या ताटात घेतला. राग आला असता तर बरं, पण राग येईना, कारण ताप खरा होता, स्टेशनही खरं होतं. तो म्हाताराही त्याला लख्ख आठवत होता. दुसऱ्या प्रांतातला मिठाचा व्यापारी, बेचाळीस वाक्यं.

"आणि तसं बघितलं तर," तो म्हणाला, "आता घेण्यासारखा राहिला नाही तो. जुना झाला. घोडा भिंतीत अडकतो."

हायनीनं एकदम मान वर केली. पण बाप पाव कापत होता, चेहऱ्यावर काही नव्हतं. ती उठली, मागून येऊन तिनं त्याच्या टकलावर ओठ टेकले. "शहाणा माझा बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजातली सुटका इतकी उघड होती की कालमानला तिचीच कीव आली.

जेवणं झाली. मायलेकी भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आतून पाण्याचा आवाज आणि पिरोश्काचा पट्टा सुरू झाला. शेजारच्या इरेनची किडनी, भावाची दुसरी बायको.

योप सोफ्यावर बसला. दयाळू माणूस होता, आणि दयाळू माणसाला भरल्या पोटी स्वस्थ बसवत नाही. त्यानं एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडे, आणि बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला. पाच मिनिटं खुडबुड केली. मग पडदा कालमानकडे फिरवला. वर लिहिलं होतं, खरेदी झाली. योपनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. एखाद्या पोराला गोळी द्यावी तसा.

कालमानला उठून निघून जावंसं वाटलं. त्याऐवजी त्याचा हात खिशात गेला आणि पेनड्राइव्ह घेऊन बाहेर आला. सकाळपासून तो खिशातच होता.

गेम उघडला. करडा समुद्र, धुकं, धक्क्याला लागलेली होडी. होडीत नावाडी बसलेला. नावाडी इंग्रजीत बोलायच्या आधीच त्याच्याखाली अक्षरं उमटली, शुद्ध, देखणी हंगेरियन अक्षरं, कालमानची. कुणा दुसऱ्याच्या पडद्यावर ती तो पहिल्यांदाच बघत होता.

या नावाड्यावर त्यानं दोन महिने घालवले होते. मुळात तो नुसतं म्हणतो, पलीकडे जायचं तर चार नाणी पडतील. कालमानला ते कोरडं वाटलं. आपल्या मामाचा गावठी बेरकीपणा त्यानं त्या नावाड्यात भरला, आणि गेम बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेली एक बकरी होडीत चढवली.

नावाड्याचा आवाज योपनं ऐकला आणि खालची अक्षरं न्याहाळली. त्याला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं. त्यानं अक्षरांवर बोट ठेवलं, भुवया उंचावल्या, तळहात उताणे केले. इथे काय लिहिलंय?

कालमाननं वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात हायनी उभी होती, एका हातात ताट, दुसऱ्या हातात फडकं. तिनं सगळं पाहिलं होतं. नवऱ्याचा लॅपटॉप, पडद्यावरचं धुकं. ती चिडेल असं त्याला वाटलं. पण ती दोघा पुरुषांकडे बघत होती आणि हसत होती. जेवतानाचं ते हसू वेगळं. हे खरं होतं, थकलेलं, जाऊ दे म्हणणारं. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

गप्प राहणं सोपं होतं. खांदे उडवायचे, पालिंकाच्या दारूचा पेला योपपुढे करायचा, आणि संध्याकाळ निभली असती. मुलगी हे हसू घेऊन उत्रेख्तला परत गेली असती. कालमानला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. आपण तोंड उघडलं तर काय होईल हेही दिसत होतं. पण योपचं बोट त्या वाक्यावर होतं, आणि ते वाक्य कुणाला न कळता तसंच पुसलं जाणार होतं.

"तो म्हणतो," कालमान इंग्रजीत म्हणाला, "माणसाचे चार पैसे. बकरी असेल तर तिचे सहा. का, असं विचारू नका. ती परत येते."

उच्चार जुन्या सरदाराचे होते, पण वाक्य एका दमात आलं, कुठेही न अडखळता. योप क्षणभर बघतच राहिला. मग त्याला बकरी कळली. तो मान मागे टाकून खदखदून हसला, सोफा हलला, आणि त्याच्या डोळ्यांत दुसऱ्यांदा पाणी आलं. कालमानच्या वाक्याला आजवर कुणी हसलेलं नव्हतं. त्याच्या अंगातून सुख सळसळत गेलं. हे सुख आहे हे कळलं, आणि त्याची लाज वाटली, तरी ते थांबेना.

दारातलं हसू मावळलं होतं. फडकं ताटावर फिरता फिरता थांबलं.

"बाबा," हायनी म्हणाली. "जेवतानाही?"

कालमाननं तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. तो शब्द दोन्ही भाषांत त्याला येत होता.

तिनं ते ओलं ताट कपाटावर ठेवलं, फडकं त्याच्यावर टाकलं, आणि कोट न घालताच मागच्या अंगणात गेली. "अगं, बाहेर गारठा आहे!" पिरोश्का आतून ओरडली. "काय झालं हिला? कालमान, काय झालं?"

योपला हंगेरियन कळत नव्हतं. बायको हवा खायला गेली असेल असं त्याला वाटलं. पडद्यावर होडी धक्क्यापासून सुटली, नावाडी पुन्हा बोलू लागला, खाली नवी अक्षरं आली. योपनं उत्सुकतेनं सासऱ्याकडे पाहिलं.

कालमाननं पुढचं वाक्य सांगितलं. मग त्याच्या पुढचं.