नीलाताईंची वेबसाइट आणि खवल्यांचे यंत्र

वाचकहो, सन १९९९ साली ठाण्यातील एका स्त्रीने संगणकाच्या साहाय्याने कमाईचा नवा मार्ग कसा धरला, त्या मार्गावर एका क्षुल्लक यंत्राने तिची परीक्षा कशी घेतली, आणि खंडेनवमीच्या सकाळी तिच्या घराच्या जिन्यावर काय घडले, याचे कथन मी येथे यथाशक्ती करणार आहे. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झाले असून मी तीनचाकी टेम्पो चालवितो. तथापि त्या स्त्रीचा संगणक जिन्याने वर नेणारे हात माझे होते, आणि तो खाली आणण्यासाठीही मलाच बोलावणे आले होते. तेवढ्या अधिकाराने मी लेखणी धरीत आहे.

कुमारी नीला कारखानीस, ज्यांना आम्ही सर्व नीलाताई म्हणतो, ह्या खारकर आळीत आपल्या वडिलांसह राहतात. आमच्या कोलशेत गावाजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात त्या सोळा वर्षे लघुलेखिका होत्या. अठ्ठ्याण्णव साली तो कारखाना बंद झाला. मिळालेल्या रकमेच्या निम्म्या भागातून त्यांनी संगणक विकत घेतला. त्यांचे वडील अण्णा हे वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील बाजारांत चौतीस वर्षे तराजू तपासलेला मनुष्य. मी खोकी वर आणीत असता ते दारातच उभे होते.

"परशुराम, सावकाश. पुन्हा खालीही न्यायचे असेल," ते म्हणाले.

"अण्णा, वर पोहोचू तर द्या त्याला!" नीलाताई म्हणाल्या.

त्याच दिवशी माझ्यासमक्ष अट ठरली. दसऱ्यापर्यंत या यंत्राच्या कमाईचा पहिला चेक अण्णांच्या हाती पडला पाहिजे. न पडल्यास माजिवड्याला संगणकाचे वर्ग चालविणाऱ्या दौलत यांस यंत्र विकावयाचे, आणि नीलाताईंनी कल्याणच्या एका ओळखीच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी धरावयाची. त्या कचेरीला खिडकी नव्हती, हे नीलाताई स्वतः पाहून आल्या होत्या. अट त्यांनी मान्य केली. मग त्यांनी संगणकाची तार भिंतीत खोवली.

आता त्या कमाईचे स्वरूप सांगणे प्राप्त आहे. नीलाताईंनी खाडीच्या माशांविषयी इंग्रजीत एक वेबसाइट रचली. कोणता मासा कसा ओळखावा, कसा साफ करावा, निवटीचे कालवण कसे करावे, हे सर्व तीत होते. परदेशी गेलेल्या आपल्या मुली ती वाचीत. पानाच्या कडेला तिकडील दुकानांच्या पाट्या होत्या, सुरी, भांडे, पुस्तक अशा. वाचणारीने पाटीवर बोट दाबले की ती थेट त्या दुकानात जाई, आणि तिने तेथे काही घेतले की दुकानदार नीलाताईंच्या नावे काही टक्के रक्कम जमा करी. या पद्धतीस अॅफिलिएट म्हणतात.

मला हे प्रथम उमगले नाही. उमगले ते माझ्या आईला. माझी आई जनाबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकते, आणि कारखानिसांच्या घरी तिचा वीस वर्षांचा राबता आहे. ओट्यावर बसून तिने सर्व ऐकून घेतले व म्हणाली, "मंग यात नवीन काय हाय गो बाय? माज्याकडं जिताडा नसला का मी गिऱ्हाईक बाजूला बसनाऱ्या मालनकडं धाडतंय. सांजचा मालन मला कोलंबीचा वाटा देतं. तुजा दुकानदार तुला वाटा देतो. झालं!"

"अगदी तेच, जनाबाई!" नीलाताई टाळी वाजवून म्हणाल्या.

आतून अण्णांचा आवाज आला. "दलाली म्हणतात त्याला. नुसते बोट दाखवायचे आणि पैसे घ्यायचे. यात तराजू कुठे आहे?"

"सायेब, तुजा तराजू तू पेन्शनीत घालवलास, आता गप र्‍हा," आई म्हणाली. आमच्या बोलीत साहेबालाही एकेरीच संबोधतात, आणि अण्णांनी त्याचा विषाद कधी मानला नाही. बाजारात आपल्याला पाहून न डगमगलेला ताजवा एकट्या जनाबाईचा, असे ते इतरांना सांगत.

पहिले पाच महिने हाती काहीच लागले नाही. नीलाताई पहाटे उठत, स्नान करून बसत आणि लिहीत. टेलिफोनची तार संगणकाला लागली की घरचा फोन बंद पडे, म्हणून सात वाजण्याच्या आत त्या सर्व उरकीत. प्रत्येक पत्राला त्या उत्तर देत. पापलेट आणि सरंगा यांतील फरक एका बाईला त्यांनी तीन वेळा समजावून सांगितला. माझ्यासारख्याने हे पाहिले आणि मनोमन नमस्कार केला, कारण फळ दिसत नसता इतक्या नेमाने काम करणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

जुलैत फळ दिसले. खवले काढण्याचे एक बॅटरीवरील यंत्र त्यांनी नव्या पाटीवर लावले होते. दुकानाने दिलेली माहिती त्यांनी छान इंग्रजीत उतरविली होती. तिकडे विळी नसल्यामुळे बायका त्या यंत्रावर तुटून पडल्या. चौदा यंत्रे खपली. गणपतीच्या सुमारास जमा एकशे अठरा डॉलरवर गेली, आणि शंभरावर गेल्याखेरीज चेक निघत नाही असा कंपनीचा नियम होता. आता चेक निघणार, संगणक राहणार, हे निश्चित झाले. नीलाताईंनी आम्हांला पेढे दिले.

पेढा हातात धरून आईने विचारले, "ती मशीन तू हातान धरलीस का कदी?"

"नाही हो. ती अमेरिकेत मिळते."

"मंग तू सांगतंस कशी, बरी हाय म्हनून? मालनचा जिताडा मी पयला बोट लावून बगतंय, मंगच गिऱ्हाईक धाडतंय. मासा वासाचा निघला तर बाई मालनला शिव्या नाय घालत. मला घालते."

नीलाताईंनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. त्या हसल्या नाहीत. मला आईचा राग आला, कारण आनंदाच्या प्रसंगी असे बोलणे मला अनुचित वाटले.

योगायोगाने नीलाताईंची बालमैत्रीण उत्तरा, जी न्यू जर्सीला असते, गौरीसाठी माहेरी येणार होती. नीलाताईंनी तिला कळवून एक यंत्र आणविले. तिने सोबत एक जाड बुडाचे तळण्याचे भांडेही आणले.

"हे भांडं माझं चार वर्षांचं लाडकं. कस्टमवाल्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, नवऱ्यासाठी आहे, डोक्यात घालायला," उत्तराताई म्हणाल्या. "मशीन मात्र नवीनच घेतलंय, मी वापरलेलं नाही."

अनंत चतुर्दशी झाल्यावर एके दिवशी आईने टोपलीतून हातभर लांबीचा जिताडा काढला. नीलाताईंनी यंत्र सुरू केले. ते भुंग्यासारखे गुणगुणले. खवले भिंतीवर, उत्तराताईंच्या साडीवर आणि अण्णांच्या वर्तमानपत्रावर उडाले. पाठीवरचे खवले निघाले, पोटाशी येताच कातडे फाटून मांसाचा लगदा झाला. अर्ध्या माशावर बॅटरी संपली.

"अगं, हे मासे साफ करायचं आहे की मारायचं?" उत्तराताई म्हणाल्या.

नीलाताईंनी बॅटरी बदलून दुसरा मासा घेतला, मग तिसरा. तिन्हींची गत एकच झाली. आईने चौथा मासा उचलला, पाण्यात बुडविला आणि सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे दोन पळांत स्वच्छ केला.  

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला बाजारात सोडून नोट मोडून घेण्यासाठी कारखानिसांकडे वर गेलो, तेव्हा नीलाताई लिहीत होत्या. त्यांनी मला मराठीत सांगितले ते असे: 'हे यंत्र मी न पाहता चांगले म्हटले होते. आता वापरले. ते चांगले नाही. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून घेतले, त्यांनी कृपया परत करावे, दुकान महिन्याच्या आत पैसे देते. चूक माझी आहे.'

"ताई, परत केले तर दुकानदार तुमचा वाटा कापेल ना?" मी विचारले.

"कापेल."

"मग दसरा होईपर्यंत थांबा की! चेक एकदा हातात येऊ द्या, मग लिहा. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"तोपर्यंत त्यांची परत करायची मुदत संपेल, परशुराम," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबले.

पुढे त्यांनी अकरा पाट्यांपैकी नऊ उतरविल्या. ज्या भांड्यात आठ दिवस स्वतः रांधले ते भांडे, आणि जे पुस्तक घरात होते ते पुस्तक, एवढेच ठेवले. आईची सुरीची रीत चित्रांसह लिहिली. अण्णांना त्यांनी यातले काही सांगितले नाही.

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता मला बोलावणे आले. माझ्या टेम्पोला झेंडूची माळ घातलेली होती. दौलत यांस मी अकरापर्यंत पोहोचतो असे कळविले होते. वर गेलो तो संगणक खोक्यांत बांधून तयार. सुतळीच्या गाठी नीलाताईंनी स्वतः मारल्या होत्या, आणि फार चांगल्या मारल्या होत्या. मी मोठे खोके उचलून जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत आलो, तेवढ्यात वरून अण्णांची हाक आली.

"परशुराम, थांब जरा."

मी खोके पायरीवर टेकवून धरले. अण्णा दारात होते. त्यांच्या हातात नीलाताईंनी त्यांच्या मेजावर ठेवलेले जमेचे दोन कागद होते.

"नीला, गेल्या महिन्याच्या कागदावर एकशे अठरा आहेत. यावर अठ्ठ्याऐंशी. जमा झालेली रक्कम कमी कशी होते?"

"पाच जणींनी ते यंत्र परत केले."

"का?"

"मी करा म्हणाले."

"रक्कम शंभराच्या खाली जाईल, हे तुला ठाऊक होते?"

"हो."

"आणि चेक निघणार नाही, हेही?"

"हो, अण्णा. अट मी मोडलेली नाही. खोकी चालली आहेत ना खाली."

अण्णांनी तो कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. खोक्याचा भार माझ्या गुडघ्यावर होता, तरी मी हललो नाही.

"चौतीस वर्षे मी लोकांची मापे तपासली," ते अखेर म्हणाले. "हजारो वजने जप्त केली. माझे माप कमी आहे, गिऱ्हाइकाला भरून द्यायचे आहे, असे आपणहून सांगायला माझ्या कचेरीत एकही माणूस आला नाही. एकही नाही, नीला. आणि मी विचारीत होतो, यात तराजू कुठे आहे."

नीलाताईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. 

"परशुराम, वर आण ते. आज हत्यारे पुजायची असतात, बांधून पाठवायची नसतात."

"आणि माझे भाडे, अण्णा?" आनंदाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेले.

"वर आणण्याचे मिळेल. खाली नेण्याचे नाही, तू पाचच पायऱ्या उतरलास."

मी ती सुतळी दातांनी सोडविली, कारण गाठी सुटेनात. अण्णांनी संगणकावर झेंडूचे फूल ठेवले, आणि ते घसरून पडू लागताच पुन्हा नीट ठेवले. दौलत यांस मी फोनवरून नकार कळविला. ते रागावले, आणि ते साहजिक होते.

पुढील वृत्तांत थोडका आहे. ज्या पाच जणींनी यंत्र परत केले, त्यांपैकी चौघींनी ते भांडे घेतले, आणि त्यांच्या सांगण्यावरून आणखी बायका आल्या. डिसेंबरात चेक आला. रक्कम बेताचीच होती. अण्णांनी तो उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी तपासला. नीलाताई आईचा वाटा घेऊन आमच्या घरी कोलशेतला आल्या. आईने पैसे घेतले नाहीत.

"मालन कोलंबी देतं, नोटा देत नाय," ती म्हणाली. "तुला द्यायचं असंल तर माजं नाव घाल तुज्या पानावर."

ते नाव घातलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. पानाच्या तळाशी इंग्रजीत लिहिले आहे की येथील प्रत्येक वस्तू हातात धरून पाहिलेली आहे, आणि तपासणारांच्या जागी दोनच नावे आहेत, नीला कारखानीस आणि जनाबाई कोळी. आईला अक्षर येत नाही. तिने पडद्यावर बोट ठेवून आपले नाव कोणते ते मला दोनदा दाखवावयास लावले.

हे कथन मी जसे घडले तसे मांडले आहे. माझ्या अल्प शिक्षणामुळे शब्दांत काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे, नीलाताईंचे नव्हे. आपण आपला अमूल्य वेळ देऊन येथवर वाचलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
परशुराम दामाजी कोळी
मुक्काम कोलशेत, ठाणे