साक्षीदार डावीकडे बसतो

वर्नाने हेडफोन गळ्यात ओढले, रेकॉर्डिंग थांबवायच्या पेडलवरचा पाय काढला आणि टाइप केलेली पाने नवऱ्यापुढे सरकवली. एल्डनने लाल पेन्सिल उचलली. त्याची स्वतःची पाने तिने आधीच तपासून टेबलाच्या कडेला ठेवली होती. त्यांच्यावर चुकांच्या चौदा खुणा होत्या.

तिच्या पानांत त्याला चारच चुका सापडल्या. पाचवी त्याने ओढूनताणून काढली.

"इथे 'हो' नाहीये, 'हं' आहे."

"परत ऐकू या का?"

"कशाला? मी सांगतोय ना."

ती उठून ओव्हनमधले बटाटे पाहायला गेली. तिची पाठ वळल्यावर एल्डनने दोघांची पाने एकत्र केली आणि आपली खाली जातील अशी ठेवली.

ओहायो नदीकाठच्या त्या छोट्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात एल्डन हफ अठ्ठावीस वर्षे स्टेनोग्राफर होता. वकील कितीही घाईने बोलो, एल्डनची बोटे त्याच्या मागे राहात नसत. पण त्या वसंतात काउंटीने ठरवले की स्टेनो मशीन आता पुरे. कोर्टात चार माईक बसतील. एक माणूस रेकॉर्डिंगजवळ बसून कोण कधी बोलले याच्या नोंदी ठेवील, वकील अशिलाच्या कानाशी लागला की त्यांचा माईक बंद करील आणि पुढे रेकॉर्डिंग ऐकून शब्दाला शब्द अशी प्रत तयार करील. त्या माणसाकडे डिजिटल रिपोर्टिंगचे प्रमाणपत्र हवे, आणि ते परीक्षा देऊनच मिळे. जागा एकच होती, आणि ती एल्डनची हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. जज बार्नहार्टनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, तुला तर हा पोरखेळ आहे, असे म्हटलेही होते.

वर्ना कोर्टाची पायरी कामासाठी कधी चढली नव्हती. एल्डन घरी आणी ते कच्चे टिपण असे. त्यातली नावे, स्पेलिंगे तपासून, स्वल्पविराम लावून ते वाचण्याजोगे करण्याचे काम गेली एकोणीस वर्षे ती स्वयंपाकघराच्या टेबलावर करत आली होती. शेवटच्या पानावर 'ही प्रत खरी व पूर्ण आहे' या ओळीखाली सही एल्डनची. जुलैत ती म्हणाली, मीही बसते परीक्षेला, तुला अभ्यासाला सोबत होईल. तो हसला आणि तिच्यासाठी पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन आला.

ते हसू दोन आठवडे टिकले.

तिसऱ्या आठवड्यापासून तो चांगला हेडफोन आधी उचलू लागला. कानावरची गादी तुटलेला तिच्यासाठी उरे. ती न्याहारीच्या वेळी पुस्तक उघडी, तेव्हा तो रेडिओ लावी, आणि मोठा लावी. चर्चच्या जेवणात जज बार्नहार्ट केक कापता कापता थट्टेने म्हणाले, की हफच्या घरात हफपेक्षा हुशार कोणीतरी आहे असे कानावर आलेय. सगळे हसले, एल्डनही हसला. परतताना गाडीत त्याने वर्नाला विचारले, की तू गावभर आपले सरावातले मार्क सांगत सुटली आहेस का. तिने फक्त रोवीनाला, म्हणजे तिच्या बहिणीला, सांगितले होते. रोवीनाला सांगितले म्हणजे गावालाच, असे तो म्हणाला.

मग पत्राचा प्रश्न आला. परीक्षेच्या अर्जाला कामाच्या अनुभवाचे पत्र जोडावे लागे, आणि ते ज्याच्या हाताखाली काम केले त्यानेच लिहायचे. एल्डनचे जजसाहेबांनी एका दिवसात दिले. वर्नाचे द्यायला जगात एकटा एल्डन होता.

आधी तो विसरला. मग त्याला वेळ झाला नाही. शेवटी एका दुपारी त्याने लिहिले: माझी पत्नी वर्ना हिने मला अधूनमधून टायपिंगला हातभार लावला आहे. एवढेच. एवढ्यावर अर्ज परत येणार हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने पाकीट चिकटवले आणि आपल्या गाडीत, समोरच्या काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेमागे खोचून ठेवले.

"पत्राचं काय झालं?" वर्नाने विचारले.

"लिहिलं. शुक्रवारी अर्जाबरोबर टाकतो."

"काय लिहिलंस?"

"जे आहे ते."

बुधवारी दुपारी त्यांनी कोर्टातून सरावासाठी आणलेले चार माईक टेबलावर मांडले. एल्डनने वकिलाचे संवाद वाचले, वर्नाने साक्षीदाराचे, आणि वाचता वाचताच ती नोंदीही ठेवत होती. हे त्याला साधले नव्हते. वाचन संपताच तो गवत कापायला बाहेर निघून गेला.

गुरुवारी सकाळी वर्ना दाताच्या डॉक्टरकडे गेली. तिची गाडी वळणाआड होताच एल्डनने तिच्या नोंदींची वही उघडली, हेडफोन चढवला, आवाज पुरता वाढवला आणि कालचे रेकॉर्डिंग लावले. वेळ आणि नाव, वेळ आणि नाव, तो एकेका ओळीवर बोट ठेवत चुका शोधत गेला. एकही मिळेना. शेवटची नोंद दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांची होती. तिथे वही संपत होती, पण संगणकाच्या पडद्यावरची रेघ पुढे धावतच होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दूर गवत कापायचे यंत्र घरघरले. फोन वाजला.

माईक बंद करायला विसरली. सापडली एकदाची चूक. त्याने पेन्सिल उचलली, आणि त्याच क्षणी त्याला आपले नाव ऐकू आले.

"नाही गं, एल्डन बाहेर आहे," वर्ना सांगत होती. "नाही, त्याला नाही सांगितलं. कसं सांगू रोवीना? डाव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि साक्षीदार डावीकडे बसतो. चार वर्षं झाली. एकेका पानावर सात-सात, आठ-आठ ठिकाणी शब्द गळलेले असतात, आणि त्याला पत्ता नसतो. त्याच्या मशीनला आवाज टिपणारी ती छोटी टेप असते ना, तिच्यावरून मी भरते." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "त्याच्यासाठी बसतेय असं कुणी सांगितलं तुला? मला हवंय ते सर्टिफिकेट. मला माझं नाव खाली लिहायचंय, एकदा तरी."

एल्डनने हेडफोन काढला नाही. रेकॉर्डिंग पुढे अकरा मिनिटे चालले. त्यात भांडी होती, नळ होता.

त्याला पहिल्यांदा आला तो संतापच. चार वर्षे ही बाई त्याच्या मागून, त्याच्या नावाखाली कोर्टात बोलत होती. खोटे आहे हे, रोवीनापुढे मोठेपणा मिरवायचा आणखी काय. तो तळघरात गेला आणि गेल्या हिवाळ्यातल्या घरफोडीच्या खटल्याची छापील प्रत घेऊन आला. संगणकात त्याचे कच्चे टिपण तसेच होते. दोन्ही शेजारी शेजारी लावून त्याने वाचायला सुरुवात केली.

त्यातली साक्षीदार एक म्हातारी होती, पुटपुटत बोलणारी. त्रेसष्टाव्या पानावर ती म्हणत होती, "मी दिवा लावला नाही, कारण आवाज ओळखीचा होता." सगळा खटला त्या वाक्यावर फिरला होता. वरच्या कोर्टाने तेच वाक्य उचलले होते, आणि जज बार्नहार्ट भर चेंबरमध्ये म्हणाले होते, की हफच्या कानातून टाचणी पडलेलीही सुटत नाही. त्या दिवशी एल्डन घरी येताना केक घेऊन आला होता.

त्याच्या टिपणात तिथे लिहिले होते: मी दिवा लावला. पुढे काहीच नव्हते.

 मग त्याने चौसष्टावे पान उलटले, पासष्टावे उलटले. सत्तराव्यानंतर त्याने गळलेले शब्द मोजायचे सोडून दिले. बाहेर जाऊन त्याने झडपेमागचे पाकीट काढले, उभ्याउभ्याच फाडले आणि आत येऊन नवा कागद घेतला.

वर्ना आली तेव्हा तिचा अर्धा गाल बधिर होता. पत्र टेबलावर उघडेच होते. कोट न काढता तिने ते वाचले. एकोणीस वर्षांचे काम त्यात वर्षवार होते. शेवटी लिहिले होते, की गेल्या चार वर्षांत माझ्या सहीने गेलेल्या प्रतींमध्ये जे शब्द मला ऐकू आले नाहीत ते वर्ना हफ यांनी टेपवरून ऐकून लिहिले आहेत, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांतला एकही चुकलेला नाही.

एल्डन बेसिनपाशी कप विसळत होता. तो कप मघाच स्वच्छ झाला होता.

"चार वर्षं," ती जड जिभेने म्हणाली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"माईक बंद केल्याशिवाय जागा सोडू नये," तो म्हणाला. "परीक्षेत हमखास विचारतात."

वर्ना खुर्चीवर बसली. तिने पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"हे वाचून परीक्षेचे लोक तुझ्यावर बोट ठेवतील."

"ठेवू देत."

"एल्डन, मी तुला सांगणार होते."

"कधी?"

 एल्डनने कप पुसून ठेवला आणि पोस्ट पाच वाजता बंद होते एवढे सांगितले.

परीक्षा ऑक्टोबरात कोलंबसला झाली. दोघे एकाच गाडीतून गेले. लेखी भागात एल्डनला चौऱ्याण्णव मिळाले, वर्नाला नव्वद. हे त्याने रोवीनाला फोनवर दोनदा सांगितले. रेकॉर्डिंग ऐकून प्रत करायच्या भागात वर्ना पास झाली, तो झाला नाही. कुणी विचारायच्या आत तो स्वतः जज बार्नहार्टच्या चेंबरमध्ये गेला, घरफोडीच्या खटल्याचे त्रेसष्टावे पान त्यांच्यापुढे ठेवले आणि शेजारी आपले टिपण ठेवले. जजसाहेबांनी दोन्ही वाचली, चष्मा काढला, आणि वर्ना सोमवारपासून येऊ शकेल का एवढेच विचारले.

त्या सोमवारी ती निळा कोट घालून निघाली. गळ्यात कोर्टाचे ओळखपत्र होते आणि त्यावर तिचा फोटो काही चांगला आला नव्हता. एल्डनला त्याचे जरा बरे वाटले होते. तो कॉफीचा कप घेऊन पोर्चमध्ये उभा राहिला. अठ्ठावीस वर्षे या वेळी गाडी त्याने काढली होती. आज ती तिने मागे घेतली, सफाईने, एका दमात, आणि तेही त्याला खुपले.

रस्त्याला लागण्याआधी वर्नाने काच खाली केली आणि काहीतरी सांगितले. शेजारचा माणूस घरघरत्या यंत्राने अंगणातली पाने उडवत होता. एल्डनने मान हलवली, कप उंचावला. ती काच वर करू लागली.

मग त्याने कप कठड्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून, घरातल्या सपाता घालूनच, ओल्या पानांतून गाडीपर्यंत गेला. वळसा घालून तो उजवा कान खिडकीकडे येईल असा उभा राहिला.

"काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."

वर्नाने त्याच्याकडे पाहिले. तिला उशीर होत होता. तिने गाडी बंद केली आणि पुन्हा सांगितले.