लेसीचं कॉलेजचं बीजगणित

माझी लेसी साध्या गणितात झोपेतसुद्धा ए आणते. त्यामुळे अकरावीचे विषय निवडायचा कागद आला तेव्हा मी साध्या वर्गापुढे खूण केली, आणि आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे लेसीनेच, ती खोडून कॉलेजच्या बीजगणितापुढे केली.

मी त्याच शाळेच्या कँटीनमध्ये वाढपी आहे, तेव्हा तडक नेपियर सरांना गाठलं. मुलांना विषय निवडून देणं हे त्यांचं काम. सर म्हणाले, "व्हर्ना, साधा वर्ग सोपा. ऑनर्स अवघड, पण तो शाळेपुरताच. हा तिसरा वर्ग शाळेत बसून करायचा, पण मार्क कॉलेजचे. सी मिळाला तरी कॉलेजच्या पदवीची तीन क्रेडिट्स आत्ताच खिशात. त्याखाली गेली तर मात्र तो डाग कॉलेजच्या दप्तरात कायमचा."

"आणि नाही झेपलं तर?"

"सोडता येतं."

मी सही केली. आमच्या शाळेत नाताळपर्यंत वर्ग बदलून खाली उतरता येतं, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

पहिल्या चाचणीत एक्केचाळीस, दुसरीत बावन्न. पोरगी जेवेना. घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव म्हणजे तिचा जीव की प्राण, तेही ताटात तसंच. एक सोमवार धीर धरला, दुसरा धरला, आणि नोव्हेंबरात एप्रनसकट नेपियर सरांच्या दारात उभी राहिले. "काढा तिचं नाव."

सरांनी चष्मा काढला. "तारीख गेली गं. शाळेची नाताळची, कॉलेजची चोवीस ऑक्टोबर."

"मला कोणी सांगितलं का?"

"कॉलेजच्या लेखी ती मोठी बाई आहे. पत्र तिलाच जातं, आईला नाही."

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. घरी जाताना गाडीत मी स्वतःला नाही नाही ते बोलले. शेवटी लेसी म्हणाली, "मम्मी, पुरे. मला माहीत होती तारीख."

मी गाडी पेट्रोल पंपाच्या कडेला घेतली. "काय म्हणालीस?"

"पत्र आलं होतं. मी दप्तरात ठेवलं."

"अगं पण का? बुद्धी गहाण ठेवली होतीस का?"

"तुला दाखवलं असतं तर तू मला सोडवलं असतंस." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "बँडमध्ये बाजा फुंकून ओठ फुटला, तू नाव काढलंस. व्हॉलीबॉलच्या शिबिरात रडले, तू दीड तास गाडी चालवत न्यायला आलीस. आणि मीही आनंदाने आले असते गं, दर वेळी. म्हणून."

मी गाडी सुरू केली.

माझं शिक्षण अर्धवट, बीजगणितात माझा काडीचा उपयोग नव्हता. मी स्टिडम बाईंना, तिच्या गणिताच्या शिक्षिकेला, गळ घातली. तेव्हापासून दोघी रोज मधल्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात वही घेऊन बसायच्या. बाईंचं ताट मी शिगोशीग भरायचे. रात्री लेसी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हुंदके द्यायची, आणि मी पाठ फिरवून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायचे. "जाऊ दे गं बाळा, सोड" हे वाक्य गिळणं काय असतं ते माझं मला ठाऊक. आणि सोडायला आता होतं तरी काय म्हणा.

डिसेंबरात निकाल लागला तेव्हा कँटीनमध्ये चिली या खिमा-राजम्याच्या रश्श्याचा आणि पीनट बटरच्या सँडविचचा दिवस होता, म्हणजे ही मोठी रांग. लेसी रांग तोडून आत शिरली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

सी. शंभरातले एकाहत्तर.

डाव तसाच ठेवून मी तिला कवटाळली. रांगेतली पोरं टाळ्या पिटायला लागली, आणि मला रडू आवरेना.

"मम्मी, रडतेस काय? नुसता सी आहे. साध्या वर्गात ए मिळाला असता."

"मी तुझ्याएवढीच होते," मी म्हटलं. "रोज शाळेतून रडत यायचे. माझ्या आईला बघवलं नाही. तिने शाळेत जाऊन सही केली आणि मला कायमचं घरी आणलं. इतका जीव होता तिचा माझ्यावर."

लेसीने माझ्या एप्रनच्या टोकाने माझं तोंड पुसलं, डाव उचलला आणि रांगेतल्या पहिल्या पोराच्या वाटीत चिली वाढली.